सर्व्हिसिंगचं बिल आलं, पण काम झालं का?

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी आलेल्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी दिली, बिल भरलं, पण बिलात लिहिलेलं काम खरोखर झालं का? पत्रांतल्या सर्व्हिस सेंटरची नावं आम्ही छापलेली नाहीत. उत्तरांतले आकडे छोट्या आणि मध्यम आकाराच्या गाड्यांना लागू पडतील असे आहेत. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या मॅन्युअलमध्ये असतो. वाद झालाच तर तोच धरायचा.

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक ३०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला दिली. सकाळी साडेदहाला आत गेली आणि साडेबाराला धुऊन-पुसून बाहेर आली. बिलात ऑइल, ऑइल फिल्टर, ब्रेक क्लीनिंग, टायर रोटेशन, बॅलन्सिंग, अलाइनमेंट असं सगळं आहे. दोन तासांत एवढं होतं का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नुसत्या वेळेवरून काम झालं नाही असं म्हणता येत नाही. एका रॅम्पवर दोन मेस्त्री असतील तर एक जण चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) बोल्ट काढून ऑइल सोडतो आणि ते निथळेपर्यंत दुसरा चाकं उतरवतो. गरम इंजिनातलं ऑइल नीट निथळायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. चारही ब्रेक उघडून, साफ करून परत बसवायला एका माणसाला पाऊण ते एक तास. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटला मिळून पाऊण तास, धुण्याला अर्धा तास. दोघांनी मिळून केलं तर हे दोन तासांत बसतं, पण हातात काही उरत नाही. शनिवारी किंवा सणाच्या आधल्या आठवड्यात रांग लागलेली असली की काहीतरी गाळलं जातं.

काय गाळलं जातं हे बहुतेक ठरलेलं असतं. ऑइल आणि ऑइल फिल्टर सहसा बदलतात, कारण स्टोअरमधून पार्ट काढल्याची नोंद होते आणि गिऱ्हाईक ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी ओढून बघतं. गाडी धुतात, कारण ते पहिल्या नजरेत दिसतं. राहून जातं ते हात काळे करणारं, वेळ खाणारं आणि वरून न दिसणारं काम. मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून आतली धूळ काढणं, कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना बाहेर काढून ग्रीस लावणं, टायर पुढचे मागे करणं, खालचे सस्पेन्शनचे बोल्ट पान्याने तपासणं, बॅटरीचे टर्मिनल साफ करणं. यात मेस्त्रीची दानत खोटी असते असं सरसकट समजू नका. त्याला दिवसाकाठी ठरलेल्या गाड्या उरकायच्या असतात आणि तपासणीच्या तक्त्यावरच्या खुणा बऱ्याचदा गाडी बाहेर काढताना एका दमात मारल्या जातात. बिल त्या तक्त्यावरून बनतं.

म्हणून तुमच्याकडे तुमचा पुरावा हवा, आणि तो गाडी देण्याआधी तयार करायला दहा मिनिटं पुरतात. नेलपॉलिशची एक बाटली घ्या. प्रत्येक चाकाच्या एका नटवर असा ठिपका द्या की अर्धा नटवर आणि अर्धा रिमवर पडेल. चाक उतरलं तर ठिपका तुटतो, आणि नट परत घट्ट करताना दोन्ही अर्धे पुन्हा बरोबर जुळत नाहीत. टायर रोटेशनसाठी हवेच्या व्हॉल्व्हजवळ रिमवर ठिपके करा : पुढच्या डाव्या चाकाला एक, पुढच्या उजव्याला दोन, मागच्या डाव्याला तीन, उजव्याला चार. परत आल्यावर ठिपके जागच्या जागी असतील तर रोटेशन झालेलं नाही. एअर फिल्टरच्या कडेला पेनाने तारीख लिहा. सगळ्याचे फोटो काढा, एक किलोमीटरच्या आकड्याचाही.

एक खबरदारी. नटवरचा ठिपका तुटला म्हणजे चाक निघालं एवढंच सिद्ध होतं. बॅलन्सिंगलाही चाक निघतंच, त्यामुळे ब्रेक उघडला का हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी गाडी देतानाच ॲडव्हायझरला, म्हणजे गाडी ताब्यात घेणाऱ्या सेंटरच्या माणसाला, सांगा की ड्रम आणि कॅलिपर उघडल्यावर नंबरप्लेट दिसेल असा छोटा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवा. आधी सांगितलेलं असलं की हे करतात. नंतर मागितलं तर गाडी रॅम्पवरून उतरलेली असते.

अलाइनमेंटचा छापील कागद मागा. त्यावर आधीचे आणि नंतरचे असे दोन रकाने असतात. दोन्ही रकान्यांतले आकडे तंतोतंत सारखे असतील तर काहीच फिरवलेलं नाही. आकडे आधीपासूनच मर्यादेत असले तर ते चूकही नाही, पण मग ते तपासणीचं काम झालं, दुरुस्तीचं नाही. कागदावर गाडीचा नंबर, मॉडेल आणि तारीख तुमचीच आहे ना, हे जरूर बघा.

शेवटी चाकाचे नट. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढाच ताण लागतो आणि तो टॉर्क पान्याने (ताण मोजून देणाऱ्या पान्याने) द्यायचा असतो. हवेच्या गनने ठोकून बसवलेला नट पंक्चरच्या वेळी महामार्गाच्या कडेला, गाडीतल्या पान्याने हलत नाही. घरी आल्यावर गाडीतला पाना लावून प्रत्येक चाकाचा एक नट सैल होतो का ते पाहा, आणि परत तेवढाच घट्ट करा. दोन्ही पाय देऊनही हलत नसेल तर गाडी परत न्या आणि टॉर्क पान्याने बसवून मागा.

प्रश्न : डिझेल एसयूव्हीचं सर्व्हिसिंग होऊन चार दिवस झाले. गाडी फक्त दोनदा कराडला जाऊन आली. पट्टी काढली तर ऑइल काळंकुट्ट. बिलात मात्र नवीन ऑइल लावलंय. सरळसरळ फसवणूक आहे ना?
– एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : एवढ्यावरून नाही. डिझेल जळताना काजळी तयार होते आणि ती धुऊन स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. शिवाय बोल्ट काढल्यावर सगळं जुनं ऑइल बाहेर येत नाही. थोडं इंजिनाच्या कानाकोपऱ्यांत आणि ऑइल कूलरच्या वाटांमध्ये उरतंच. त्यामुळे डिझेल गाडीचं नवं ऑइल शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळं दिसणं अगदी नेहमीचं आहे. पेट्रोल गाडीचं वेगळं. तिचं ऑइल सर्व्हिसिंगच्या दिवशी मधाच्या रंगाचं असायला हवं, त्या दिवशीच काळं असेल तर शंका रास्त. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत नेमका उलटा चकवा बसतो. ऑइल बराच काळ स्वच्छ दिसतं, पण त्याची ताकद वयाप्रमाणे गेलेली असते. रंग बघून बदल लांबवू नका.

डिझेलमध्ये खात्री करायची ती रंगावरून नाही, फिल्टरवरून. नवा फिल्टर कोरा असतो, जुना तेलकट धुळीने माखलेला. गाडी रॅम्पवर असताना पाहायला मिळालं तर उत्तम, नाहीतर जुना फिल्टर परत मागा. काही इंजिनांत फिल्टर वरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या डब्यात कागदाचा असतो. तिथे झाकण फिरवून तो सर्व्हिस सेंटरमध्येच बघता येतो.

मग मापाकडे या. मॅन्युअलमध्ये ‘फिल्टरसह ऑइल किती’ हा आकडा असतो. बिलातला आकडा त्याच्याशी लावून पाहा. बॅरलमधून गनने ऑइल भरतात तिथे बिलात पॉइंटमध्येही आकडा येऊ शकतो. मॅन्युअलपेक्षा अर्धा लिटर जास्त लावलेलं असेल तर विचारा. ते अर्धा लिटर एक तर भरलंच नाही, नाहीतर जास्तीचं भरलं. दोन्ही तुमच्या गैरसोयीचं. जास्त भरलेलं ऑइल फिरत्या क्रँकच्या तडाख्यात येऊन फेसाळतं आणि फेसाळलेल्या ऑइलचा दाब नीट बनत नाही. पातळी बघताना गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून परत घाला आणि मग वाचा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ पण खाली, ही योग्य जागा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट जपावी लागते. यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. त्याला कमी राख सोडणारंच ऑइल लागतं, आणि डब्यावर मॅन्युअलमध्ये सांगितलेलाच दर्जा, उदाहरणार्थ सी-२ किंवा सी-३, छापलेला असायला हवा. साधं डिझेल ऑइल घातलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साठत जाते, आणि राख जळून जात नाही. नुसती ५डब्ल्यू-३० ही जाडी जुळणं पुरेसं नाही. पट्टीवर पातळी खाली येण्याऐवजी वर चढत असेल तर तेही गंभीर घ्या. डीपीएफ साफ करण्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल चेंबरमध्ये उतरत असतं. पोवई नाका ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांचाच वापर असेल तर हे होतं. आठवड्यातून एकदा महामार्गावर कराडपर्यंत सलग चालवलेली गाडी या त्रासातून बऱ्यापैकी वाचते.

आणि पार्किंगच्या जागी रात्री इंजिनाखाली एक पुठ्ठा सरकवा. चेंबरच्या बोल्टखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा मऊ वायसर असतो, तो दर वेळी नवा घालायचा असतो. जुनाच घातला की पाझर थांबत नाही, मग मेस्त्री बोल्ट आणखी आवळतो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. काही रुपयांच्या वायसरपायी चेंबर बदलायची पाळी येते. सकाळी पुठ्ठ्यावर थेंब दिसला तर त्याच दिवशी जा.

प्रश्न : पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेकचं पेडल एकदम खाली गेलं. हँडब्रेक आणि गिअरवर कशीबशी गाडी थांबवली. अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत झालं. गाडी चार वर्षांची आहे, महिन्यापूर्वीच सर्व्हिसिंग झालंय. बिलात ‘ब्रेक ऑइल टॉपअप’ आहे. चूक कुणाची?
– एक वाचक, वाई

उत्तर : हे पत्र सगळ्यांनी नीट वाचावं. तुम्ही वर्णन केलंय ती ब्रेक ऑइल उकळल्याचीच लक्षणं आहेत.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. होजपाइपच्या रबरातून, बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणातून थोडाथोडा ओलावा वर्षानुवर्षं आत येत राहतो. डॉट-४ प्रकारचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ अंशांवर येतो. डॉट-३ चे आकडे २०५ आणि १४० आहेत. सलग उतारावर पाय ब्रेकवर ठेवून उतरलं की पॅडची उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत पोचते. ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल जमिनीला टेकतं आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. गार झालं की वाफेचं परत ऑइल होतं आणि पेडल जागेवर येतं. गॅरेजला नेईपर्यंत सगळं ठीक दिसतं ते यामुळे.

पॅड तापून पकड सोडतात तो प्रकार वेगळा. त्यात पेडल कडकच राहतं, पण गाडी थांबत नाही. पेडल कडक असेल तर पॅड, पेडल खाली गेलं तर ऑइल किंवा गळती, ही खूण मेस्त्रीला सांगितली की निम्मं काम होतं.

चूक टॉपअपच्या पद्धतीत आहे. बहुतेक गाड्यांना ब्रेक ऑइल दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, पूर्ण बदलायचं असतं. चार वर्षांच्या गाडीत ते एव्हाना दोनदा बदललं जायला हवं होतं. टॉपअप म्हणजे पाणी मुरलेल्या ऑइलवर चार चमचे नवं ऑइल ओतणं. उकळण्याच्या आकड्यात त्याने काही फरक पडत नाही. उलट एक उपयोगी खूण पुसली जाते. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. पातळी उतरली म्हणजे पॅड तपासा किंवा गळती शोधा, असा तो निरोप असतो. वरून ओतलं की निरोप गेला, आणि पुढे नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले की डबी भरून वाहते. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलून टाकतं.

पूर्ण बदल असा होतो : डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून काढायचं, नवं भरायचं, मग एकेका चाकाचा ब्लीडर निपल (ऑइल सोडायची बारीक तोटी) उघडून पारदर्शक नळीतून जुनं ऑइल सोडायचं, नळीत स्वच्छ आणि बिनबुडबुड्याचं ऑइल येईपर्यंत. चाकांचा क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो, तो मॅन्युअलप्रमाणेच हवा. या कामाला एक लिटरच्या आसपास ऑइल लागतं. बिलात पाव लिटर असेल तर बदल झालेला नाही, मग बिलात काहीही लिहिलेलं असो. दुसरी खूण निपलच्या रबरी टोपीवर असते. काम झालं असेल तर टोपीवरची जुनी माती निघालेली असते आणि निपलवर पान्याची ताजी खूण दिसते. चारही चाकांवर पाहा, कारण पुढची दोन करून मागची सोडून देणं हा नेहमीचा आखूड रस्ता आहे.

त्याच वेळी पॅडही बघून घ्या. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटर असतो, तीन मिलिमीटरवर आला की बदलायचा. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला पॅड बऱ्याचदा जास्त झिजलेला असतो, विशेषतः कॅलिपरच्या पिना सुकून अडकल्या असतील तर. महाबळेश्वर-पाटण पट्ट्यात पावसाळाभर फिरणाऱ्या गाड्यांच्या पिना लवकर अडकतात. पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लागतं. चाकाचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन आणखी घट्ट बसते.

तोवर घाट उतरायचा झाला तर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत घासत ठेवू नका, थोडा जोरात दाबा, वेग उतरवा आणि सोडा. पेडल मऊ लागायला लागलं की लगेच पंप करत, गिअर उतरवत, कडेला थांबा आणि किमान अर्धा तास गाडी हलवू नका. गरम डिस्कवर पाणी ओतू नका. पण खरं सांगायचं तर ऑइल बदलल्याशिवाय तुम्ही हा घाट उतरूच नये.

प्रश्न : कंपनीच्या पुस्तकात एअर फिल्टर ४०,००० किलोमीटरला बदला म्हटलंय. ॲडव्हायझर दर १०,००० ला बदलायला लावतो. कोण खरं?
– एक वाचक, जत

उत्तर : पुस्तकातला आकडा साध्या रस्त्यांचा आहे. त्याच पुस्तकात धुळीच्या वापरासाठी वेगळा, कडक तक्ता असतो आणि जत, कवठेमहांकाळ भागातली कच्च्या रस्त्यांची गाडी त्यातच बसते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून रोज जाणारी गाडीही त्यातच. तरी बदलायचा की नाही हे किलोमीटरवरून ठरवण्यापेक्षा फिल्टर पाहून ठरवा. बाहेर काढून मागे मोबाइलचा टॉर्च लावून धरा. घड्यांतून उजेड येत असेल तर साफ करून चालेल. मिट्ट काळोख असेल तर बदला. हवा मारायची ती स्वच्छ बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने, नोझल वीतभर लांब धरून. जवळून जोरात हवा मारली तर कागदाला न दिसणारी भोकं पडतात. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही.

फिल्टर जुना असण्यापेक्षा मोठी चूक मात्र वेगळीच असते, आणि ती सर्व्हिसिंगनंतरच होते. फिल्टर परत घालताना त्याची रबरी कड दुमडते, किंवा डब्याची एक क्लिप नीट बसत नाही. मग धूळ फिल्टरला वळसा घालून थेट इंजिनात जाते. पिस्टनच्या रिंगा घासतात आणि गाडी ऑइल खायला लागते, ते कळेपर्यंत हजारो किलोमीटर झालेले असतात. गाडी घरी आणलीत की क्लिपा काढा आणि फिल्टरच्या पलीकडच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपमध्ये बोट फिरवा. बोटाला धूळ लागता कामा नये. लागली तर कड आणि डबा दोन्ही तपासून घ्या. बिलात लावलेला फिल्टर खरोखर नवा आहे का, तेही याच वेळी दिसतं.

रानातल्या वस्तीवर, शेडमध्ये गाडी लागत असेल तर उंदरांसाठीही बघा. एअर फिल्टरचा डबा आणि डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा एसी फिल्टर या दोन जागा त्यांना फार आवडतात. एसी फिल्टर सर्व्हिसिंगमध्ये सर्वांत जास्त विसरला जातो, तो काढायला बऱ्याच गाड्यांत पेचकसही लागत नाही आणि तरी कुणी कप्पा उघडत नाही.

प्रश्न : बिलात इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग आणि टायरमध्ये नायट्रोजन लागलं. यातलं काय गरजेचं?
– एक वाचक, कुपवाड

उत्तर : आधी एक प्रश्न विचारायची सवय करा : हे मॅन्युअलच्या तक्त्यात आहे का? नसेल तर ते ऐच्छिक आहे आणि तुमच्या होकाराशिवाय लावता येत नाही. इंजिन फ्लश वेळेवर ऑइल बदलणाऱ्या गाडीला नको. इंजेक्टर क्लीनर गाडी नीट चालत असेल तर नको. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करणं खरं काम आहे, पण उभ्या गाडीचं इंजिन कमी-जास्त होत असेल तेव्हा. एसीला वास येत असेल तर आधी फिल्टर बदला, वास गेला नाही तर कूलिंग कॉइलची सफाई. नायट्रोजन नको, हवेत तो ७८ टक्के असतोच. महिन्याला हवा तपासणं त्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं. अंडरबॉडी कोटिंग महाबळेश्वरच्या पावसात कायम राहणाऱ्या गाडीला एकदा करून घ्यायला हरकत नाही, मात्र दारांच्या खालची पाणी निघायची भोकं बुजलेली नाहीत हे स्वतः वाकून बघा.

प्रश्न : बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी जाते का?
– एक वाचक, कराड

उत्तर : भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात याच प्रथेवर बोट ठेवलं होतं. गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द करू नये, असं त्यात होतं. पुढे ते प्रकरण अपिलात गेलं. रोजच्या व्यवहारात मात्र कागद बोलतो. वॉरंटी चालू असेपर्यंत अधिकृत सेंटरला जाणं शहाणपणाचं, कारण नोंद कंपनीच्या संगणकात राहते आणि रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) किंवा सॉफ्टवेअरचा बदल असेल तर तो तिथे होतो. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटी वाचा, त्यात सर्व्हिसिंग कुठे आणि किती किलोमीटरच्या आत हे लिहिलेलं असतं. वॉरंटी संपल्यावर चांगला ओळखीचा मेस्त्री असेल तर बेलाशक त्याच्याकडे जा. फक्त दर वेळी तारीख, किलोमीटर, ऑइलचा दर्जा आणि पार्ट नंबर लिहिलेलं बिल घ्या. गाडी विकतानाही ते उपयोगी पडतं.

अधिकृत सेंटरच्या सुरुवातीच्या फ्री सर्व्हिसमध्ये फुकट असते ती मजुरी. ऑइल-फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात, त्यात फसवणूक नाही.

प्रश्न : पुरात गाडी निम्म्या चाकाच्या वरपर्यंत दोन दिवस पाण्यात होती. इंजिनात पाणी गेलं नाही. नंतर नेहमीचं सर्व्हिसिंग केलं, ते पुरेसं आहे का?
– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : नाही. नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये गिअर ऑइल बदलत नाहीत, आणि पुराच्या पाण्याने पहिलं तेच खराब होतं. गरम गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि हवा जाण्या-येण्याच्या बारीक नळीतून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. गिअर ऑइल सोडून पाहा. दुधाळ, खाकी दिसलं तर पाणी आहे. नवं भरून शे-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदला. चाकांचे बेअरिंग, मागचे ड्रम, हँडब्रेकची केबल आणि ब्रेक ऑइल हेही वेगळं सांगून करून घ्यावं लागेल. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या शहरात जॉब कार्डवर (गाडी देताना कामांची यादी लिहून सही घेतात त्या कागदावर) ‘पाण्यात उभी होती’ हे स्पष्ट लिहून द्यायला संकोच करू नका. लिहिलं नाही तर कुणी तपासत नाही.

प्रश्न : एसी फिल्टर बदलल्याचे पैसे घेतले, पण जुनाच निघाला. माझ्याकडे आधीचे-नंतरचे फोटो आहेत. आता काय करू?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : फिल्टर काढून टाकू नका, जागेवरच असू द्या. त्याच स्थितीत गाडी सर्व्हिस मॅनेजरसमोर उघडा, ॲडव्हायझरसमोर नाही. बहुतेक ठिकाणी प्रकरण इथेच मिटतं, कारण त्यांनाही ते कंपनीपर्यंत जायला नको असतं. मिटलं नाही तर बिल, जॉब कार्ड आणि फोटो जोडून कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. फोनवरची तक्रार नंतर दाखवता येत नाही. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेतली त्रुटी ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रारीची बाब आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करा.

पुढच्या वेळी जॉब कार्डवर सही करण्याआधी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहा : ‘बदललेले सर्व जुने पार्ट परत द्यावेत.’ आणि गाडी घेताना ते डिकीत नव्हे, हातात घेऊन मोजा.